न आलेल्या पाहुण्याचा डाव

माझा नवरा हाफ्लिदी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आमच्या कल्दाविकच्या धक्क्याला लागणाऱ्या बहुतेक बोटींच्या पोटात कधी ना कधी त्याचा हात गेलेला आहे. माणूस बोलायला कमी, जेवायला बरा, आणि हट्टी असा की भरती एखाद वेळ थांबेल, हा थांबणार नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कौतुक आणि तक्रार एकाच सुरात निघते, एवढंच.

आमच्या गावात बुद्धिबळ न खेळणारा माणूस शोधायचा तर दफनभूमीत जावं लागेल, आणि तिथलेही बहुतेक खेळणारेच होते. हिवाळ्यात दुपारी तीनला दिवे लागतात, बोटी बांधून ठेवलेल्या असतात, रस्ता बर्फाखाली. मग माणसं करणार काय? मी मात्र खेळत नाही. मोहरे कसे चालतात ते वडलांनी शिकवलं होतं, पण लाकडाच्या एका घोड्यापायी सख्खे भाऊ वर्षभर अबोला धरतात हे पाहिलं आणि मी विणकाम जवळ केलं. लोकरीवरून निदान कोणी रुसत नाही.

हाफ्लिदीच्या हाताला एक खोड होती. मोहरा पटावरच्या घरात ठेवला की तो सोडायच्या आधी त्याला अर्धा वेढा द्यायचा, इंजिनाचा नट आवळावा तसा. मग पाठ टेकायची, थर्मासमधली कॉफी ओतायची आणि भुवयांखालून समोरच्याकडे बघत बसायचं. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "हाफ्लिदीनं नट आवळला. आता इंजिन बंद समजा." खरोखरच समोरच्याचा धीर सुटायचा. बरेच डाव तो असे जिंकला असेल. त्याला कोणी हे बोलून दाखवलं की तो चिडायचा, कारण आपण असं काही करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

डाव संपला म्हणजे संपला, असं आमच्याकडे कोणी मानत नाही. जिंकलेला आणि हरलेला तिथेच बसून राहतात, मोहरे परत मांडतात आणि अख्खा डाव पहिल्या खेळीपासून पुन्हा चालवतात. जिंकलेल्यानं विचारायचं, "इथे तू काय पाहिलंस?" आणि हरलेल्यानं खरं सांगायचं. कॉफी पीत पीत हरलेल्याचं तोंड हळूहळू सैल होतं आणि मग तो घरी जायच्या लायकीचा होतो. याला आम्ही नुसतं 'बोलणी' म्हणतो. बोलणीला न बसता उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आणि एक रीत अशी की डावाआधी समोरच्याला घरी जेवायला, राहायला बोलवायचं नाही. ते गोड बोलून त्याला मऊ केल्यासारखं दिसतं. आमंत्रण द्यायचं ते बोलणीत.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पुढे ते लागेल. आमच्या जुन्या बायका मानतात की प्रत्येक माणसाची एक सोबतीण असते. ती दिसत नाही. माणूस कुठे पाहुणा जायचा असला की ती त्याच्या पुढे चालते आणि आधी पोहोचते. ती घरात शिरली की घरच्या बाईला अवेळी झोप येते. माझी आई भर दुपारी जांभया देत कॉफीचं पाणी ठेवायची, आणि पाणी उकळेपर्यंत दारात कोणीतरी बुटांवरचा बर्फ झटकत उभं असायचं. मी हे हसण्यावारी न्यायची. तरी जांभई आली की एक कप जास्त काढायची.

तर एविंदुर. पठारापलीकडच्या दरीत त्याचं मेंढ्यांचं घर. लग्न केलं नव्हतं. बहीण ऑड्नी आणि तो, दोघंच राहायचे. उंच, हडकुळा, अतिशय भिडस्त. हाताच्या पाठीवर तपकीर घ्यायचा, दातात खडीसाखरेचा खडा धरून त्यावरून कॉफी प्यायचा, आणि विचारात पडला की डाव्या कानाची पाळी ओढायचा. आमच्या सगळ्या जिल्ह्यात त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता. हाफ्लिदी त्याच्याशी कधी जिंकला नव्हता आणि हे दुखणं त्याला दातदुखीसारखं होतं.

त्या फेब्रुवारीत जिल्ह्याची स्पर्धा आमच्या गावच्या समाजघरात होती. शेवटचा डाव हाफ्लिदी आणि एविंदुर यांचा. सकाळी निघताना हाफ्लिदी म्हणाला, "संध्याकाळी एविंदुरला घेऊन येतो. वारा फिरलाय. त्याला आज पठार ओलांडू देणं बरं नाही."

"त्याला सांगितलंस का?"

"खेळायच्या आधी? लोक काय म्हणतील?"

मी आतल्या छोट्या खोलीत बिछाना घातला, नवी चादर काढली. मासा उकडायला ठेवला, बटाटे सोलले. अंधार पडायच्या सुमाराला मला अशी झोप आली की विणायच्या सुया हातातून गळाल्या. मी मनाशी हसले. येतायत म्हटलं, आणि तिसरा कप काढून ठेवला.

हाफ्लिदी आला तो एकटाच. डोळे चमकत होते. जिंकून आला होता.

"एविंदुर कुठे?" मी विचारलं.

"असेल कोणाकडे तरी. बोलणीला बसलाच नाही, स्टेनव्हर. कितीतरी वेळ कान ओढत बसला, मग राजा आडवा केला, हात मिळवला, कोट उचलला आणि गेला."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"सगळ्यांनी मला घेरलं होतं. बाजूला होऊन बघतो तर खुर्ची रिकामी. जाईल कुठे अशा हवेत? पाद्रीबाबांकडे थांबला असेल."

जेवण झाल्यावर त्यानं पट मांडला. जिंकलेला डाव पुन्हा चालवायची चव वेगळीच असते म्हणे. बाहेर वारा असा होता की चुलीच्या धुरांड्यात कोणी तोंड घालून ओरडतंय असं वाटावं. मी ताटल्या पुसत होते. मागे खटखट चालली होती, ती थांबली. मग तो हसला.

"गंमत बघ. मी वजीर त्याच्या राजाजवळ नेला. पुढच्या खेळीला मात. त्यानं तिथेच डाव सोडला. पण त्याचा उंट, हा बघ, पार माझ्या बाजूच्या कोपऱ्यात. हा तिरका मागे आपल्या घरी आला तर मातही जाते आणि माझ्या वजिरालाच पळावं लागतं. आणि मग त्याचं हे प्यादं कोण अडवणार?"

"मग?"

"मग काय. मागे येणारा उंट पटकन दिसत नाही. माणूस पुढेच बघतो." त्यानं तो उंट मागे आणून ठेवला, पुन्हा पुढे नेला, पुन्हा मागे आणला. आता तो हसत नव्हता. "तो हरला नव्हता, स्टेनव्हर. तो जिंकत होता."

मला पुन्हा जांभई आली. तिसरा कप तसाच ओट्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑड्नीचा फोन आला. एविंदुर निघाला का, एवढंच विचारत होती.

तो कोणाकडेच थांबला नव्हता. वादळ शमेपर्यंत शोधायला जाता आलं नाही, आणि गेले तेव्हा पठारावर काही उरलं नव्हतं. सापडला तो बर्फ वितळल्यावर. वाट दाखवायला दगडांच्या राशी रचलेल्या आहेत, त्यातल्या एका राशीला पाठ टेकून बसला होता. डाव्या हातात हातमोजा होता. उजव्या हातातला काढून मांडीवर ठेवला होता, हात मिळवायच्या आधी काढतात तसा.

हाफ्लिदीला त्यानंतर एकच प्रश्न उरला. रोज इंजिनाच्या शेडवरून यायचा, हात धुवायचा, पट मांडायचा आणि तोच डाव चालवायचा. खेळ्या लिहिलेला कागद लागत नव्हता. त्याच्या हातांना पाठ होता. तोंडानं पुटपुटत जायचा, घोडा असा, प्यादं असं, उंट तिकडे. महिन्याभरात मलाही पाठ झाला, विणकामाचा नमुना होतो तसा.

"एकतर त्याला उंट दिसला नाही," तो म्हणायचा. "नाहीतर दिसला आणि तरी त्यानं डाव सोडला. म्हणजे त्याला जायचंच होतं."

"यातलं कुठलं खरं असायला हवंय तुला?"

"दिसला असेल तर ती त्याची मर्जी. पण दिसला नसेल, तर एक जिंकत असलेला माणूस मी हरवून त्या वाऱ्यात पाठवला." उंट मागे आणून ठेवत म्हणाला, "एवढं मला कळलंच पाहिजे. त्याशिवाय मी काय म्हणून जगायचं?"

मला त्याचा राग यायचा. मेलेल्या माणसाचं मन लाकडाच्या तुकड्यांत शोधणाऱ्या नवऱ्याचा कोणालाही येईल. पण रागावून काय करते? पट चुलीत घातला असता तर त्यानं टेबलावर खडूनं काढला असता.

उन्हाळा लागला तशी त्यानं खुर्ची बदलली. "त्यानं जिथून पाहिलं तिथून पाहिलं पाहिजे," म्हणाला, आणि काळ्या मोहऱ्यांच्या बाजूला बसू लागला. त्याची स्वतःची खुर्ची समोर रिकामी. पांढऱ्यांच्या खेळ्या तो हात लांब करून करायचा, काळ्यांच्या अगदी मन लावून. मला वाटलं, बरं झालं, बदल झाला.

मग मला टेबलावर तपकीर दिसली. हाफ्लिदीनं जन्मात तपकीर ओढली नव्हती; डिझेलच्या वासानं आपलं नाक भरलेलंच असतं म्हणायचा. मी विचारलं तर हाताच्या पाठीकडे असा बघत राहिला, जणू तो हात शेजाऱ्याचा आहे. नंतर खडीसाखर. नंतर कानाची पाळी. ते सगळं मी समजून घेतलं, कारण एविंदुरला आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं, आणि नक्कल काय, कोणीही करेल. पण एक गुणगुणणं सुरू झालं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तीन-चार सुरांचं, खालच्या आवाजात, पुन्हा पुन्हा तेच.

आणि मला झोप यायची. तो त्या बाजूला बसला की लगेच. संध्याकाळी पाच वाजता, चुलीवर दूध असताना, उभ्या उभ्या. डोळे मिटायचे आणि कानात ते गुणगुणणं. मी जागी व्हायची तेव्हा ओट्यावर तीन कप काढलेले असायचे, आणि ते काढल्याचं मला आठवत नसे.

शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या की दरीतले लोक खरेदीला गावात येतात. ऑड्नी आली. मी तिला कॉफीला बोलावलं. पुढच्या बोळात ती बूट काढत होती आणि आत हाफ्लिदी पटाशी बसून गुणगुणत होता. बूट हातात धरून ती तिथेच थांबली. तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला.

"आत कोण आहे?" तिनं विचारलं.

"हाफ्लिदी. दुसरं कोण असणार?"

"हे त्याला कोणी शिकवलं? एविंदुर हे माणसांसमोर म्हणायचा नाही. एखादी मेंढी अडली की गोठ्यात, तिच्या कानाशी म्हणायचा. मी सुद्धा दाराबाहेरून ऐकलंय."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं तिसऱ्या कपाकडे पाहिलं आणि मग माझ्या डोळ्यांकडे. "तुला झोप येते का गं?"

मी तिच्या कपात कॉफी ओतली. बोलले असते तर रडले असते.

"तो तुमच्याकडे यायचा होता ना त्या दिवशी?"

"त्याला माहीत नव्हतं. बोलणीत हाफ्लिदी सांगणार होता."

"त्याला माहीत नसेल. त्याच्या सोबतिणीला होतं," ऑड्नी म्हणाली. "ती पोहोचली. तो नाही पोहोचला. आता ती बिचारी जाणार कुठे?"

मला वाटतं, जिवंत माणसाविषयी कोणी इतक्या शांतपणे बोललं असतं तरी मला भीती वाटली असती.

दिवस लहान होत गेले तसं हाफ्लिदीचं उठणं सुरू झालं. डाव संपला की राजा आडवा करायचा, रिकाम्या खुर्चीकडे हात पुढे करायचा, मग उठून पुढच्या बोळात जायचा आणि कोट घालून उभा राहायचा. थोड्या वेळानं दचकून परत यायचा. नंतर दार उघडायला लागला. नंतर फाटकापर्यंत. एकदा मी झोपेतून उठले तर घरात गारठा पसरलेला आणि दार सताड उघडं. मी शाल घेऊन धावले. गावातला शेवटचा दिवा ओलांडून तो पठाराच्या चढाला लागला होता, एविंदुर चालायचा तसा, गुडघे वर उचलत.

"हाफ्लिदी, कुठे चाललास?"

"मेंढ्यांना वैरण घालायचीय," तो म्हणाला.

आमच्याकडे कधीही मेंढ्या नव्हत्या.

दंडाला धरून त्याला घरी आणलं. घरी आल्यावर त्याला काही आठवेना, उलट मलाच म्हणाला, "शाल घेऊन बाहेर काय करत होतीस? न्यूमोनिया होईल." मी दाराला कुलूप घालायला लागले. पण बोटीची इंजिनं उघडणाऱ्या माणसाला कुलूप म्हणजे काय. आणि मी जागी राहणार कशी? ते तर माझ्या हातातच नव्हतं. या हिवाळ्यात कधीतरी एक दिवस मी वेळेवर जागी होणार नाही, हे मला समजलं होतं. पाद्रीबाबांना सांगितलं, ते म्हणाले, थकलाय, डोंगरापलीकडच्या डॉक्टरला दाखवू. त्यासाठी रस्ता उघडायला हवा होता.

पुन्हा फेब्रुवारी आला. स्पर्धेचा दिवस. हाफ्लिदी समाजघरात गेला नाही. दुपारभर खिडकीत उभा राहून वारा बघत होता. अंधार पडू लागला तसा काळ्यांच्या बाजूला बसला. कोट त्यानं आधीच आणून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, आणि हातमोजे खिशात.

"आज कळेल," म्हणाला. कोणाला उद्देशून ते मला कळलं नाही.

झोप आलीच. ती आल्याबरोबर मी चुलीवरचा कप उचलला आणि तसाच उकळता तळहातात धरला. त्या भाजण्याच्या जोरावर चालत गेले आणि हाफ्लिदीच्या रिकाम्या खुर्चीत बसले. आधी काही ठरवलं नव्हतं. एवढंच मनात आलं की वर्षभर हा माणूस एकटा खेळतोय, आणि हा खेळ दोघांचा आहे.

मी पहिलं प्यादं सरकवलं. त्यानं मान वर केली नाही. त्याचं उत्तर आलं. मी घोडा काढला. डाव चालू लागला, त्या दिवशी चालला असेल तसा, एकेक खेळी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. नमुना पाठ होता, हात आपले विणत होते. कप गार व्हायला लागला की मी थर्मासमधून गरम ओतून घ्यायची. समोरून तपकिरीचा वास येत होता. गुणगुणणं चालू होतं. त्याचा उंट कडेकडेनं माझ्या कोपऱ्यात येऊन बसला.

मग वजिराची ती खेळी. मी वजीर उचलला, त्याच्या राजाजवळ ठेवला, आणि सोडता सोडता माझ्या बोटांनी त्याला अर्धा वेढा दिला. मी मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. इतकी वर्षं त्या हाताकडे बघत आले, हाताला हाताचं वळण लागलं असेल. मग मी पाठ टेकली, कॉफी ओतली, आणि बघू आता काय करतो म्हणून भुवयांखालून त्याच्याकडे पाहिलं.

गुणगुणणं थांबलं.

त्यानं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा तो पटाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. हात कानाच्या पाळीवर गेला आणि तिथेच राहिला. चुलीतला कोळसा ढासळला तरी त्याची पापणी हलली नाही. त्या डोळ्यांत इतकी लाज होती, की आपण एखाद्याच्या घरात न विचारता घुसलोय असं मला वाटलं. मग त्यानं राजा आडवा केला आणि उजवा हात पुढे केला. मी तो घेतला. आत्तापर्यंत चुलीशेजारी बसलेल्या माणसाचा तो हात, बर्फातून काढल्यासारखा गार होता.

तो उठला. कोट चढवला. दाराकडे वळला.

"बस," मी म्हणाले. "बोलणी राहिलीत."

तो पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं ऐकणार नाही. पण आमच्यातलं कोणीही असो, जिवंत किंवा कसंही, बोलणीला बस म्हटलं की बसतं. तो कोटासकट येऊन बसला. मी त्याच्यासाठी कॉफी ओतली, तिसऱ्या कपात, आणि खडीसाखर पुढे सरकवली. मग वजिरावर बोट ठेवून विचारलं, "इथे तू काय पाहिलंस?"

"तुम्हाला," तो म्हणाला. आवाज हाफ्लिदीचा होता, पण इतका मऊ मी तो कधी ऐकला नव्हता. "तुम्ही असं बसलात की सगळं ठरलंय. वाटलं, ज्याला इतकं पक्कं माहीत आहे त्याच्यापुढे आता आपण काय शोधायचं."

"आणि उंट?"

"उंटाकडे बघितलंच नाही."

त्यानं खडा दातात धरून कॉफी प्यायला सुरुवात केली. थकलेला दिसत होता. मग खिडकीकडे पाहून कप खाली ठेवला आणि खिशातून हातमोजे काढले. "निघतो. मेंढ्या आहेत."

"मेंढ्यांचं ऑड्नी बघेल," मी म्हणाले. "वारा फिरलाय. आज पठार ओलांडू नकोस, एविंदुर. आतल्या खोलीत तुझा बिछाना घातलाय. मासा आहे, बटाटे आहेत. आज इथेच राहायचं."

त्यानं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मी सांगतेय. उशीर झाला, पण सांगतेय."

त्यानं कोट काढला. दोन्ही हातमोजे एकमेकांत खोचून नीट टेबलावर ठेवले. आतल्या खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला, पलंग करकरला. मी तिथेच बसून होते, आणि बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की मला झोप येत नाहीये. डोळे लख्ख उघडे होते. घर इतकं मोकळं वाटत होतं की मी घाबरून रडले.

सकाळी हाफ्लिदी चुरगळलेल्या शर्टानं बाहेर आला. "मी आतल्या खोलीत का झोपलो?" मग पटाकडे पाहिलं, आडव्या राजाकडे पाहिलं, आणि माझ्या खुर्चीत बसला. म्हणजे त्याच्या.

"त्याला उंट दिसला नव्हता," तो म्हणाला, रात्रीची बोलणी झोपेत ऐकली असावीत तसा.

"नाही."

"मलाही दिसला नव्हता, स्टेनव्हर. मला काहीच पक्कं माहीत नव्हतं. मी नुसता आवळत होतो." हात उलटसुलट करून बघत होता. "म्हणजे मीच मारलं त्याला."

मला खोटं बोलता आलं असतं. बायका बोलतात, मीही बोलले आहे. "मारलं नाहीस," मी म्हणाले. "पण घरी बोलवायचं होतं, ते राहिलं." तो लहान मुलासारखा रडला आणि मी त्याला रडू दिलं.

बिछाना काढायला गेले तेव्हा अंथरुणाची भिंतीकडची बाजू ओली होती, बाहेरून आलेला कोट ठेवावा तशी. उशीवर खळगे दोन होते. मी चादर चुलीपाशी वाळत घातली आणि कोणाला काही सांगितलं नाही. ऑड्नीला सांगितलं. ती म्हणाली, "चला, पोहोचला."

हाफ्लिदी अजून खेळतो. आता मोहरा अलगद ठेवतो आणि हात पटकन काढून घेतो, गरम भांड्यावरून काढावा तसा. त्यामुळे हरतो खूप. धक्क्यावरचे म्हणतात, हाफ्लिदीच्या इंजिनातला जोर गेला. त्याला त्याचं काही वाटत नाही. आणि कधी जिंकलाच, तर पहिलं काम एक करतो: उठून हरलेल्याचा कोट खुंटीवरून काढून आणतो आणि मांडीवर घेऊन बसतो. लोक हसतात. पोरंटोरं मुद्दाम म्हणतात, "हाफ्लिदी, कोट दे, घरी जायचंय." तो देत नाही. बोलणी होतात, कॉफी होते, तो वारा कुठला आहे ते बघतो, समोरच्याची झोपायची सोय कुठे आहे ते विचारतो. मगच कोट उलगडतो, त्याला घालायला मदत करतो आणि दारापर्यंत सोडायला जातो.